खानदेशातील लोकोपयोगी बांधकामे आणि सामान पुरविणारे लोक

१

चाळीसगावाजवळील पाटणे येथील शिलालेख गणिताच्या इतिहासकारांस सुपरिचित आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव ह्याने स्थापन केलेल्या मठास निकुंभवंशीय सोइदेवाने दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. लेखाचा शक ११२८ आहे. म्हणजे तो इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या प्रारंभीचा ठरतो. भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष मात्र त्यातील दुसऱ्याच एका गोष्टीकडे जाते. राजवंशाची आणि विद्वत्कुलाची प्रशस्ती संस्कृतात आहे. दानाचा प्रत्यक्ष तपशील येतो तेथे लेख मराठीकडे वळतो. पाटण्याच्या बाजारात येणाऱ्या मालावरील हिस्सा, तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल, आणि येथे जे मोजावयाचे ते मठाच्या मापाने मोजावे हा निर्बंध, हे सर्व मराठीत आहे.

ह्या भाषाभेदात एक सामाजिक सत्य दडलेले आहे. कीर्ती ज्या भाषेत लिहिली जाई त्या भाषेत सामान पुरविणारा माणूस आढळत नाही. तो आढळलाच तर हिशेबाच्या भाषेत आढळतो, आणि तेथेही नावाने नव्हे, तर त्याने द्यावयाच्या वस्तूच्या व मापाच्या उल्लेखाने. खानदेशातील रस्ते, पूल, बंधारे आणि धरणे ह्यांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा प्रशस्तीचीच परंपरा पुढे चालविली आहे. जुन्या काळी राजाचे नाव असे. एकोणिसाव्या शतकात कलेक्टराचे व अभियंत्याचे आले. स्वातंत्र्यानंतर कोनशिलेवर मंत्र्यांचे आले. दगड, चुना, लाकूड, खडी व वाळू कोणी, कोठून आणि कोणत्या अटींवर आणली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

प्रस्तुत लेखात तो प्रश्न जळगाव, धुळे व नंदुरबार ह्या तीन जिल्ह्यांच्या, म्हणजे १९०६ पूर्वीच्या अखंड खानदेशाच्या, मर्यादेत विचारावयाचा आहे. लेखकाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, सामान पुरविण्याचा इतिहास हा पुष्कळ अंशी माप कोणाच्या हाती होते ह्याचा इतिहास आहे. माप ज्याच्या हाती, त्याच्यावर सामानाच्या बऱ्यावाइटाची जबाबदारी असावयास पाहिजे. पण खानदेशात हे दोन धागे हळूहळू एकमेकांपासून सुटत गेले, आणि त्याची किंमत कामांस, माणसांस व नद्यांस द्यावी लागली.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. सार्वजनिक कामासाठी सामान व श्रम मिळविण्याच्या पद्धतींना मराठीत जे शब्द आहेत, त्यांच्या कुळांवरूनच पद्धतींचे थर ओळखता येतात. ‘वेठ’ हा शब्द संस्कृत ‘विष्टि’पासून आला, त्याचा सोबती ‘बिगार’ फारसीतून आला. दोन्हींचा अर्थ मोबदल्यावाचून घेतलेले काम असा आहे. वेठीत माणसाप्रमाणे त्याची गाडी आणि बैलही धरले जात. म्हणजे वाहतूक हा सामानाच्या किमतीतील सर्वांत मोठा भाग फुकट मिळे. ‘मक्ता’ हा अरबी कुळातील शब्द. ‘गुत्ता’ हा कानडी ‘गुत्तिगे’शी संबद्ध असून मराठवाड्याकडे अधिक रूढ आहे. ‘ठेका’ हिंदीच्या सान्निध्याने आला आणि खानदेशात सहज रुळला. ह्या तिन्ही शब्दांत रक्कम आधी ठरवून जबाबदारी एका माणसाकडे सोपविण्याची कल्पना समान आहे. त्यांच्यानंतर युरोपीय भाषांतून ‘कंत्राट’ आले, आणि अलीकडच्या शासकीय मराठीत ‘निविदा’ आली.

‘पुरवठादार’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. ‘पुरविणे’ ही क्रिया देशी, आणि ‘दार’ हा प्रत्यय फारसी. ज्या प्रत्ययाने जमीनदार, इनामदार, ठाणेदार हे शब्द सिद्ध झाले त्याच प्रत्ययाने हाही झाला. त्यामुळे ह्या शब्दात व्यापारी व भांडवलवाला माणूस सामावतो. परंतु दगड फोडणारा वडार, भट्टी लावणारा चुनेवाला, लाकूड तोडणारा भिल्ल आणि माल वाहणारा बंजारा ह्यांना कोणी पुरवठादार म्हणत नाही. वास्तविक सामान पुरविणारे लोक तेच होत. भाषेने केलेला हा भेद इतिहासलेखकाने जसाच्या तसा स्वीकारू नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

३

खानदेशाची भूमी सामानाच्या बाबतीत कृपण नाही. सर्वत्र काळा पाषाण आहे. धुळे व नंदुरबार ह्या भागांत तर ह्या पाषाणाच्या उभ्या भित्ती मैलोगणती पसरलेल्या दिसतात. काळ्या जमिनीत व नाल्यांच्या काठी चुनखडीचे गोटे मिळतात. सातपुड्यात साग होता. तळोदे हे गाव एकोणिसाव्या शतकात खानदेशातील लाकडाची प्रमुख पेठ म्हणून प्रसिद्ध होते, आणि तेथे तयार होणाऱ्या बैलगाड्यांनाही नाव होते. सामान आणि ते वाहून नेण्याचे साधन एकाच पेठेत मिळावे, हा योग आकस्मिक नव्हे.

ह्या सामानात चुन्याचे महत्त्व विशेष आहे. शुद्ध चुन्याची कली पाण्याखाली घट्ट होत नाही. परंतु चुनखडीच्या गोट्यांत मातीचा अंश असतो. त्यामुळे त्यांपासून भाजलेला चुना ओलाव्यातही धरतो. बंधाऱ्याला हाच चुना हवा. गोटे वेचणे, माती झाडून ते निवडणे, भट्टीत थरावर थर रचून भाजणे, मग विझवून, वाळू किंवा सुरखी मिसळून बैलाच्या घाणीत तो मळणे, ह्या प्रत्येक पायरीवर कसूर होऊ शकते. आणि एकदा भिंत उभी राहिली म्हणजे कसूर डोळ्यांना दिसत नाही. दगडाचा दोष पाहणाराला कळतो. चुन्याचा दोष पहिल्या किंवा दहाव्या पुराला कळतो. म्हणूनच चुना पुरविणारा माणूस आणि काम वापरणारा माणूस ह्यांच्यात किती अंतर आहे, ह्याला महत्त्व येते.

पांझरा, कान, बुराई आणि त्यांच्या शेजारच्या खोऱ्यांत चालत आलेली फडपद्धती ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. नदीवर दगडचुन्याचा बंधारा, त्यातून काढलेला पाट, आणि भिजणाऱ्या जमिनीचे फड असे तिचे स्वरूप. एका फडात एकच पीक घ्यावयाचे व पिकांची पाळी फिरवावयाची, हा नियम. पाणी देण्यास पाटकरी आणि राखणीस जागल्या असत. बंधाऱ्याच्या दुरुस्तीत व पाटाच्या सफाईत बागायतदारांचा वाटा असे. येथे सामान देणारा, काम करून घेणारा आणि कामावर जगणारा हे फार दूरचे लोक नव्हते. चुना कच्चा राहिला तर पाणी त्याच गावाचे जाणार होते. माप वापरणाराच्या हाती होते, हे पाटण्याच्या लेखातील मठाच्या मापाचेच ग्रामीण रूप म्हणता येईल. ह्या पद्धतीत जातींची उतरंड नव्हती किंवा वेठ नव्हती, असे म्हणण्याचा हेतू नाही. सामानाची जबाबदारी कोठे आहे हे तेथे सर्वांस ठाऊक होते, एवढाच मुद्दा आहे.

४

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजी अमलाखाली आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज ह्याने धुळे हे मुख्य ठाणे केले आणि १८१९ पासून तेथे सरळ रस्त्यांची नवी पेठ वसविण्यास आरंभ केला. बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना व कारागिरांना सवलती देऊन तेथे आणण्यात आले. नगर वसवावयाचे तर प्रथम सामानाचा बाजार वसवावा लागतो, हे ह्या अधिकाऱ्याने ओळखले होते. पुढे मुंबई-आग्रा रस्ता, १८५४ नंतर स्वतंत्र रूपास आलेले सार्वजनिक बांधकाम खाते, आणि १८६०–७० ह्या दशकात चाळीसगाव, जळगाव व भुसावळ ह्या गावांवरून गेलेला लोहमार्ग, अशा क्रमाने कामांचे प्रमाण पूर्वी कधी नव्हते इतके वाढले.

प्रमाण वाढले तशी पद्धतही बदलली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची कामे कंत्राटाने दिली जात. मुंबई-ठाणे मार्गाचे पहिले मोठे कंत्राट फॅविएल व फाउलर ह्या इंग्रजी पेढीस मिळाले होते. पुढे जमशेटजी दोराबजी ह्यांच्यासारखे एतद्देशीय कंत्राटदारही पुढे आले. कंत्राटदाराखाली पोटकंत्राटदार, त्याच्याखाली मुकादम, आणि त्याच्याखाली दगड-चुन्याची माणसे अशी साखळी तयार झाली. प्रत्येक कडीला आपला नफा काढावयाचा असे, आणि शेवटच्या कडीकडे माल स्वस्त करण्यावाचून दुसरा उपाय नसे. घाई हा ह्या पद्धतीचा स्थायीभाव होता.

ह्याचे फळ लौकरच दिसले. जुलै १८६७ मध्ये ह्याच रेल्वेचा बोरघाटातील महुकी मळी येथील दगडी पूल कोसळला. त्यानंतर झालेल्या तपासणीत ह्या रेल्वेच्या अनेक पुलांची चिणाई सदोष असल्याचे आढळले. दर्शनी दगड नीट घडलेले, आत मात्र डबर भरलेला आणि चुना दुबळा, असे ह्या दोषांचे सर्वसाधारण स्वरूप होते. ही घटना खानदेशाबाहेरची असली तरी कंपनी तीच, काळ तोच आणि कंत्राटाची पद्धतही तीच होती. मोजणी पुऱ्या झालेल्या कामाची होई. लांबी, रुंदी व उंची वहीत उतरे. भिंतीच्या पोटात काय गेले ते उतरत नसे. माप आता वापरणाराच्या हाती नव्हते, आणि चुनेवाल्याच्याही हाती नव्हते.

विद्यार्थ्यांना परिचित असलेले दुसरे उदाहरण मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या ह्यांचे आहे. १८८४ साली ते मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले, आणि सेवेच्या आरंभीच साक्री तालुक्यातील दातर्ती येथे नळाचा सायफन बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळ्यामुळे अडचणी आल्या. काम पुढे ढकलण्याच्या सूचनेवर वरिष्ठांनी नापसंती दर्शविली. तरी त्यांनी ते पुरे केले. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. अभियंत्याच्या निष्ठेचे उदाहरण म्हणून तो योग्यच होय. परंतु त्या काळी धुळ्याला रेल्वे नव्हती. चाळीसगाव-धुळे फाटा १९०० साली सुरू झाला. म्हणजे बाहेरून येणारे जे जे सामान ह्या भागात पोचे, त्याचा शेवटचा टप्पा बैलगाडीचा असे. पावसाळ्यात काळ्या जमिनीतून ती गाडी हाकणारा माणूस कोण होता, हा प्रश्न अभियंत्याच्या आठवणींचा विषय नसेल. इतिहासाचा विषय मात्र तो आहे.

ह्या माणसांचे पुढे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. दगडाचे काम प्रामुख्याने वडारांचे. त्यांच्यातील गाडीवडार, मातीवडार ही पोटनावेच सामान सांगतात. पाठीवर गोणी लादलेल्या बैलांचे तांडे घेऊन माल वाहणे हे बंजाऱ्यांचे काम. सडक झाली तेव्हा गाडीने आणि लोहमार्ग झाला तेव्हा वाघिणीने त्यांचा धंदा घेतला. फिरता व्यवसाय हीच संशयाची खूण ठरविणारा गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ साली प्रथम झाला, पुढे त्याची व्याप्ती वाढली, आणि तो रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. त्या कायद्याच्या वारशातून महाराष्ट्रात विमुक्त जातींची जी यादी झाली, तीत वडार आणि बंजारा ही दोन्ही नावे आहेत. ज्यांनी दगड दिला आणि ज्यांनी तो व त्यासारखा माल वाहिला, त्यांची नावे कोनशिलेवर आली नाहीत. ती ह्या यादीत आली.

५

दुष्काळाच्या कामांत सामान पुरविणाराचे एक निराळेच रूप दिसते. १८७६–७८ आणि विशेषतः १८९९–१९०० च्या दुष्काळात सरकारने जी मदतकामे काढली, त्यांत रस्त्यासाठी खडी फोडणे हे काम सर्वत्र होते. १९७२–७३ च्या दुष्काळात महाराष्ट्राने तेच दृश्य पुन्हा पाहिले. त्या अनुभवातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. शेतकरी, शेतमजूर, बाया व पोरे रस्त्याच्या कडेला बसून हातोडीने दगड फोडीत आणि संध्याकाळी ढिगाऱ्यांचे माप होई.

येथे मजुरी दिवसाची नव्हती, मालाची होती. खडी, मुरूम, माती व वाळू मोजण्याचे ‘ब्रास’ हे माप, म्हणजे शंभर घनफूट, खेड्यापाड्यांतील निरक्षर माणसाच्याही तोंडी बसले, त्याला ह्या कामांचाही हातभार लागला असावा. कागदावर हा माणूस मदत घेणारा होता. व्यवहारात तो राज्याला खडी पुरविणारा होता, आणि तीही बाजारभावाने नव्हे, तर त्याच्या भुकेने ठरविलेल्या भावाने. दुष्काळी कामांनी प्राण वाचविले हे निःसंशय खरे. पण त्या खडीवर झालेले रस्ते हे केवळ सरकारच्या दयेचे फळ नसून उपाशी माणसांनी पुरविलेल्या सामानाचेही फळ होते, एवढी नोंद न्यायाची ठरेल.

६

विसाव्या शतकात चुन्याची जागा सिमेंटने घेतली. १९१४ साली पोरबंदर येथे हिंदुस्थानातील सिमेंटच्या उत्पादनास स्थिर स्वरूप आले. १९३६ साली अनेक कंपन्यांचे एकत्रीकरण झाले. सिमेंटबरोबर सामानाची जागा बदलली. चुना गावच्या भट्टीतून येई. सिमेंट दूरच्या कारखान्यातून, रेल्वेने आणि परवान्याने येऊ लागले. गिरणा धरण १९६९ साली पुरे झाले, तो काळ नियंत्रणाचा होता. बांधकाम खात्याच्या बी-१ व बी-२ ह्या कंत्राटनमुन्यांत खात्याकडून पुरवावयाच्या मालाचे परिशिष्ट असे, आणि सिमेंट व लोखंड बहुधा त्यात असत. म्हणजे कंत्राटदार मजूर आणि दगड-वाळू आणी, सरकार सिमेंट देई. भिंत कच्ची निघाली तर दोष मिश्रणाचा की मालाचा, हा वाद अटळ होता. सिमेंटच्या वाटपाचे राजकारण किती तीव्र होते हे सांगावयास नको; १९८२ च्या जानेवारीत ह्याच वाटपावरील न्यायालयीन निर्णयानंतर राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी पद सोडले. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ मध्ये पूर्णपणे गेले.

अलीकडे भुसावळजवळ दीपनगर येथील औष्णिक विद्युत्केंद्राची राख हेही बांधकामाचे सामान झाले आहे. १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने विटांत व बांधकामांत अशा राखेचा वापर आवश्यक ठरविला. वीजकेंद्रही अशा रीतीने सामान पुरविणाऱ्यांच्या मालिकेत आले.

तथापि आजचा खरा प्रश्न वाळूचा आहे. १९५७ च्या खाणी व खनिजविषयक कायद्याने इमारतीचा दगड, रेव, साधी माती आणि साधी वाळू ह्यांना एका वर्गात घातले आणि त्यांचे नियमन राज्यांकडे सोपविले. शासकीय मराठीत ह्या वर्गाचे नाव ‘गौण खनिज’ असे आहे. भाषेच्या अभ्यासकाला हे नाव खटकल्यावाचून राहत नाही. ज्या वस्तूंवाचून एकही पूल, एकही धरण, एकही शाळा उभी राहत नाही, त्या वस्तू गौण! खाणीच्या अर्थशास्त्रात त्या तशा असतीलही. पण नाव एकदा रूढ झाले की दृष्टीही तशीच होते. वाळू ही नदीची नव्हे, ती ब्रासांची आणि स्वामित्वधनाची बाब होते.

गिरणा व तापी ह्या नद्यांतील वाळूचा बेसुमार उपसा हा जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत गेली कित्येक वर्षे तक्रारीचा विषय आहे. पात्र खोल गेले म्हणजे पुलांच्या खांबांचे पाये उघडे पडतात, बंधाऱ्यांच्या तळाची माती सुटते, आणि काठच्या विहिरींचे पाणी उतरते. म्हणजे नव्या बांधकामासाठी नेलेली वाळू जुन्या बांधकामाच्या पायाखालून जाते. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लहान क्षेत्रांतील उत्खननासही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरविली. त्यानंतर राज्याने आपली धोरणे वेळोवेळी बदलली. २०२३ मध्ये शासकीय आगारांतून ६०० रुपये ब्रास दराने वाळू देण्याची योजना आली. २०२५ मध्ये ती सोडून पुन्हा लिलावाकडे वळण्यात आले आणि कृत्रिम वाळूस उत्तेजन देण्याचे ठरले. ह्या सर्व धोरणांत वाळूचे माप आहे, दर आहे आणि दंडही आहे. नदीत किती वाळू राहिली पाहिजे, ह्याचे माप मात्र लिलावाच्या हिशेबात नेहमी मागे पडते. आणि जबाबदारी? ट्रकचालक पकडला जातो. ज्या कामावर ती वाळू पडली त्या कामाच्या कोनशिलेवर तिचा उल्लेख नसतो.

७

वरील विवेचनातून निघणारे निष्कर्ष असे मांडता येतील. एक, खानदेशातील सार्वजनिक कामांच्या टिकाऊपणाचा संबंध केवळ आराखड्याशी नाही. सामान देणारा आणि काम वापरणारा ह्यांच्यातील अंतराशीही तो आहे. दोन, वेठीपासून निविदेपर्यंत शब्द बदलत गेले तसा सामान मिळविण्याचा व्यवहार अधिक नियमबद्ध झाला, हे खरे. वेठ गेली ही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्याच बरोबर माप आणि जबाबदारी ह्यांची फारकत वाढत गेली. तीन, ‘पुरवठादार’ हा शब्द भांडवलवाल्यापुरता मर्यादित राहिल्यामुळे प्रत्यक्ष सामान काढणारे, भाजणारे व वाहणारे समाज इतिहासाच्या बाहेर राहिले.

ही उणीव भरून काढण्याचे काम ह्या विद्यापीठीय परिसरातील संशोधकांचे आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांचा देह १९२६ साली धुळ्यातच पडला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच उभे राहिले. अस्सल कागद आणि शब्द ही दोन्ही त्यांनी सारखीच पुराव्याची साधने मानली. त्या मार्गाने जावयाचे तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी बांधकाम व पाटबंधारे खात्यांची जुनी दप्तरे, मोजमाप पुस्तिका आणि हजेरीपट पाहावेत. गावोगावच्या बंद पडलेल्या चुनाभट्ट्या आणि घाणीची चाके नोंदवावीत. आणि वडार, पाटकरी, गाडीवान व भट्टीवाले ह्यांच्या वृद्धांकडून दगडांच्या जातींचे, चुन्याच्या प्रतींचे, अवजारांचे व मापांचे शब्द टिपून घ्यावेत. दप्तर उद्याही राहील. हे शब्द जाणणारी पिढी राहणार नाही. चांगला चुना कोणता हे ज्या शब्दांनी सांगितले जाई ते शब्द गेले, तर जुना बंधारा दुरुस्त करण्याचे ज्ञानही त्यांच्याबरोबर जाईल.

पाटण्याच्या लेखात पळीभर तेल देणाऱ्या घाणेवाल्याचे नाव नाही. पण त्याची पळी दगडावर कोरली गेली, म्हणून आज आठ शतकांनंतर मठाचा दिवा कशावर जळत असे ह्याचा अंदाज आपण करू शकतो. आपल्या काळातील पुलांच्या व धरणांच्या कागदांत तेवढी तरी नोंद राहावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.